पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत

आमच्या तालुक्यात गणित हसतखेळत शिकवणारा मास्तर म्हणून माझं नाव सध्या थोडंफार घेतलं जातं. शिबिरांना बोलावणी येतात, नवे शिक्षक वर्गात मागं बसून बघून जातात. या अंकाच्या संपादकांनीही त्यावरच लिहा म्हणून गळ घातली. लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की चिंचोके, काड्या, मापं यांच्याबद्दल लिहायचं आणि सुजाताला मध्ये आणायचं नाही. तशी दोन पानं लिहिली आणि फाडली. वाचताना वाटलं, या मास्तरला सगळं आपोआपच सुचलं होतं की काय!

तेव्हा पहिल्यापासून सांगतो.

मी जालन्यातल्या मस्तगडचा. वडील कचेरीत कारकून. घरात ज्वारी यायची ती नव्या जालन्यातल्या दुकानातून, पोत्यात शिवलेली. ती पोत्यात शिरण्याआधी कुठून कुठं जाते, हे मी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहावं असं वाटलंही नव्हतं. पुढं शिक्षक झालो, शहरातल्याच शाळेत दहा वर्षं काढली. माझी ख्याती पाढ्यांची. तिसापर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, दिडकी. माझ्या वर्गातला आवाज रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू जाई आणि तो ऐकून पालक खूश होत. मीही खूश होतो. पाढे म्हणणाऱ्या पोराला पाढे म्हणजे काय हे कळतं का, असा प्रश्न मला दहा वर्षांत एकदाही पडला नाही.

दुष्काळ सरला त्या जूनमध्ये माझी बदली झाली. अंबड तालुक्यातलं लहानसं गाव. कुंभार पिंपळगावला एसटीतून उतरायचं आणि तिथून तीन कोस चालायचं. एक खोली, चार वर्ग, मास्तर एक. बाहेरच्या माणसाला हे कसं चालतं ते समजत नाही म्हणून सांगतो. चौथीला शुद्धलेखन द्यायचं, तिसरीला पाढे म्हणायला लावायचे, दुसरीला फळ्यावरच्या बेरजा, आणि तेवढ्या वेळात पहिलीच्या पोरांपुढं चिंचोक्यांचा ढीग टाकायचा. चारही वर्ग एकाच वेळी गप्प झाले की समजायचं, कुणीतरी कुणाला तरी चावलं आहे.

बदलीचा राग माझ्या डोक्यात होता. तो पोरांवर निघाला, हे कबूल केलेलं बरं.

सुजाता पहिलीत होती. सहा-साडेसहा वर्षांची, बौद्धवस्तीतली. तिचा बाप किसन हा गावातल्या अण्णांकडं सालगडी. अण्णा म्हणजे पिढीजात जमीन असलेले, गावात ज्यांच्या शब्दाला वजन होतं असे सत्तरीचे गृहस्थ. किसनच्या बापानं छप्पन साली धम्म घेतला, घरातले देव नदीत सोडले. त्या घरी पोर शाळेत घालणं ही साधी गोष्ट नव्हती, ती शपथच होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. माहीत होतं, मनावर घेतलं नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात मी सुजातापुढं मूठभर चिंचोके ठेवले.

"मोज."

"लाभ, दोन, तीन, चार…"

"थांब. पहिल्यापासून."

"लाभ, दोन…"

"एक! एक म्हण."

तिनं माझ्याकडं पाहिलं, चिंचोक्यांकडं पाहिलं, आणि काळजीपूर्वक पहिला चिंचोका बाजूला सरकवून म्हणाली, "लाभ."

सगळा वर्ग खो-खो हसला. मला वाटलं, पोरांनी मिळून नव्या मास्तरची टर उडवायचं ठरवलंय. मी फूटपट्टी घेतली आणि तिच्या हातावर दोन मारल्या. ती रडली नाही. त्या दिवसापासून तिनं शाळेत आकडा उच्चारणं बंद केलं.

आधी मला तो हट्ट वाटला, मग माज वाटला, आणि शेवटी मी निदान करून मोकळा झालो की मुलीला डोकं नाही. एकदा "तोंड उघडेपर्यंत आत यायचं नाही" म्हणून दुपारभर दाराबाहेर उभं केलं. दिवाळीनंतर ती दिवसाआड गैरहजर राहू लागली आणि एके दिवशी किसन तिला हाताला धरून शाळेत आला.

"गुरुजी, लेकरू शाळंचं नाव काढलं की पोट दुखतंय म्हणतंय. काही चुकलं का तिचं?"

"किसन, खरं सांगू? हिच्या डोक्यात गणित शिरत नाही. घरी धाकटा भाऊ आहे ना, त्याला सांभाळेल."

"पन घरी तं समदं बराबर मोजती ती. शेरडं मोजती, भाकरी मोजती. एक बी चुकत न्हाई."

"घरचं मोजणं वेगळं आणि शाळेचं गणित वेगळं."

त्यानं पोरीकडं पाहिलं. मग म्हणाला, "तुमी शिकलेले. तुमी म्हणता तं तसंच आसंल." आणि तिला घेऊन गेला.

हे सगळं मी तिच्यासमोर बोललो होतो. आणि आणखी एक. किसन माझ्याच वयाचा होता. त्याला मी एकेरी बोलत होतो. अण्णांचा मुलगा आम्हा दोघांपेक्षा लहान, त्याला मात्र मी अहोजाहो करायचो. त्याचं पोर अडलं असतं तर मी इतक्या झटपट निदान केलं असतं का? याचं उत्तर मला ठाऊक आहे.

सुजाता यायची थांबली. पण हजेरीपटावर मी तिचं नाव ठेवलं आणि रोज हजेरीही लावली. पट कमी झाला की वरून विचारणा होते, शाळा बंद पडायची भीती असते. आमच्या धंद्यातले लोक हे वाचून मान खाली घालतील, पण हे चालतं. म्हणजे ज्या मुलीला मी घरी पाठवलं ती कागदावर माझ्यासमोर रोज बसत होती.

फाल्गुनात अण्णांच्या खळ्यावर जायचा योग आला. दुष्काळानंतरचं पहिलं धड पीक, त्यामुळं गावात लग्नघरासारखी गडबड. अण्णांनी निरोप धाडला, "गुरुजींनी खळं पाह्यलं न्हाई म्हणे. हुरडा तं गेला, निदान रास तं पाहा." सुट्टीचा दिवस होता, गेलो. ज्वारीची रास माझ्या छातीएवढी. गयाबाई, म्हणजे किसनची बायको, पलीकडं उरलेलं सुपानं वाऱ्यावर उधळत होती. किसन पोत्याचं तोंड धरून उभा. अण्णांनी राशीला हात जोडले, पायली भरली आणि पोत्यात ओतताना सूर लावला, "लाभ… लाभ… लाभ…"

दुसरी पायली. "दोन… दोन… दोन…"

मी एक पाऊल पुढं झालो.

"अण्णा, पहिल्याला काय म्हणालात?"

"लाभ! पयल्या मापाला एक म्हणत न्हाईत गुरुजी. एक म्हणलं तं धान्याला वाटतं, एवढंच का? आमची म्हातारी सांगायची. आन् मोजताना आकडा घोळत राह्यचा तोंडात, न्हाई तं इसरतो माणूस."

तेवढ्यात तेच विसरले. मला समजावून सांगण्याच्या नादात अण्णांचा आकडा गेला. पण पायल्या ओतायचं थांबले नाहीत. बऱ्याच वेळानं पुन्हा कुणाशी तरी बोलले आणि पुन्हा आकडा हरवला. मग त्यांनी मान वळवून हाक मारली, "सुजे, किती झालं गं?"

राशीपासून जरा दूर, बाभळीच्या सावलीत ती बसली होती. मांडीवर भाऊ, पुढं खड्यांच्या लहान लहान ढिगुल्या. तिकडं बारा पायल्यांचा मण धरतात. बारा झाल्या की ती एक मोठा खडा वेगळा ठेवत होती.

"सात मन आन् आठ पायल्या झाल्या, अण्णा. ही नववी," ती खणखणीत आवाजात म्हणाली.

तो आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता.

"पोरगी न्हाई, मुनीम हाय मुनीम," अण्णा म्हणाले. "मागच्या राशीपासून तिलाच बसवून राह्यलो. माझ्या पोराचं गणित चुकतं, हिचं न्हाई."

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "सुजाता, सगळ्या मिळून पायल्या किती?"

तिनं मला पाहिलं आणि तोंड मिटलं. हातातला खडासुद्धा तिनं हळूच मुठीत लपवला. अण्णा हसत होते, "घाबरली गुरुजीला!" गयाबाई मात्र हसली नाही. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडं एकवार पाहिलं आणि पुन्हा उचललं.

त्या संध्याकाळी मी बौद्धवस्तीत गेलो. नोकरीची दहा-अकरा वर्षं झाली होती, पण पालकाच्या दारात आपली चूक सांगायला मी पहिल्यांदाच उभा होतो. म्हणालो, "किसनराव, मुलीला डोकं आहे. नव्हतं ते मला. तिला शाळेत पाठवा."

बोलली ती गयाबाई. "आता कामून? खळ्यावर अण्णांनी वाखाणली म्हणून?"

होतं तसंच.

"एकदा पाठवली, मार खाऊन आली. मंग तुमीच म्हणलात डोकं न्हाई. आता म्हणता डोकं हाय. लेकरानं काय समजावं?"

"गये, दम धर," किसन म्हणाला. मग माझ्याकडं वळला. "गुरुजी, पाठवतो. पन परीक्षेत गेली तं पुढल्या साली न्हाई पाठवणार. दुसऱ्यांदा डोकं न्हाई आसं आयकायचं न्हाई मला तिच्याबद्दल. बिलकुल न्हाई."

परीक्षेला जेमतेम दोन महिने होते. पहिलीची परीक्षा तोंडी असते. शेजारच्या मोठ्या गावचे हेडमास्तर येऊन घ्यायचे. प्रश्न विचारायचे, पोरानं उत्तर द्यायचं. जी मुलगी शाळेत आकडा उच्चारतच नव्हती तिची तोंडी परीक्षा. खोट्या हजेरीमुळं ती परीक्षेला बसू शकत होती, एवढं एक बरं होतं. माझ्या पापाचा तेवढा उपयोग झाला.

सुजाता आली. कोपऱ्यात बसली. मी काही विचारलं की पाटीवर लिहून दाखवायची, बरोबरच लिहायची, पण बोलायची नाही. तेव्हा मला सुचलं ते एवढंच, की तिला शाळेत बोलती करता येत नसेल तर शाळाच जरा खळ्याकडं सरकवावी. त्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं. घाबरलेल्या माणसाची ती धडपड होती.

गयाबाईंकडून, अण्णांकडून मापं मागून आणली. पोरांना अंगणात बसवून वाळू मोजायला लावली. सुरुवात "लाभ" म्हणून करायची, अशी मीच सूचना दिली. पोरं माझ्याकडं अशी बघायला लागली की मास्तरला ऊन लागलं असावं. दुसऱ्या दिवशी एक पालक येऊन दारात उभे, "गुरुजी, शाळा हाय का खळं? पोरगं घरी येऊन म्हणून राह्यलंय, आज शाळेत वाळू मोजली. त्याला वाळू मोजायचीच आसती तं नदीवर पाठवलं आसतं!"

भाकरीवरून अपूर्णांक शिकवायला गेलो. त्या पोरांना अर्धी, चतकोर, नितकोर हे शब्द मला शिकवावे लागले नाहीत. भाकरीचे चार भाग केले तर चतकोर, चतकोराचे दोन केले तर नितकोर, हे त्यांच्या जिभेवर होतं. "मग एका भाकरीत नितकोर किती?" असं मी विचारलं. दुसरीतल्या एकानं हातातली भाकरी मोडून मोजायला घेतली, आणि सहाव्या तुकड्यानंतर गणित सुटेना. दोन तुकडे त्यानं खाल्ले होते. "आठ आसतील गुरुजी," तो तोंड पुसत म्हणाला, "दोन पोटात मोजा."

मारुतीचा पार विती लावून मोजायला सांगितला तेव्हा मारामारी झाली. एकाच्या एकवीस विती, दुसरीच्या सव्वीस. प्रत्येकाला दुसरा खोटारडा वाटला. अर्ध्या तासानं तिसरीतल्या एका पोरीनं दोघांचे हात एकमेकांवर ठेवले आणि म्हणाली, "आरं, हात बघा की!" मीटरची पट्टी का लागते, हे दहा वर्षांत मला कुठल्या वर्गाला सांगता आलं नव्हतं.

आणि सुजाता? ती सगळं बघत होती. एकदा मी दोन मापं ठेवली. एक पसरट तोंडाचं, एक उभट. सपाट भरली तर दोन्हींत सारखीच वाळू मावते, हे पोरांनी ओतून पाहिलं. मग मी म्हणालो, आता शीग लावून भरा. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहणारा धान्याचा शंकू. पसरटातली वाळू जास्त भरली. पोरं चक्रावली. माप तर सारखं, मग वाळू जास्त कशी? सुजाता उठली, पसरट मापाच्या तोंडावरून बोट गोल फिरवलं, मग उभट मापाच्या तोंडावरून फिरवलं, आणि जाऊन बसली. बोलली नाही. पण तिला कळलं होतं, आणि मला ते कधीच सुचलं नसतं.

परीक्षेचा दिवस आला. हेडमास्तर उन्हातून सायकलवर आले, घामाघूम. चहा घेताना माझ्या तोंडावर आलं होतं की एक मुलगी आहे, जरा सांभाळून घ्या. खोटी हजेरी लावणाऱ्याला एवढं अवघड नव्हतं. पण किसनचा चेहरा आठवला. सांभाळून घेतलेली पास म्हणजे डोकं नाही असंच पुन्हा म्हणणं झालं असतं. मी नुसती मुलांची यादी त्यांच्यापुढं सरकवली.

सुजाताची पाळी आली. खिडकीबाहेर गयाबाई उभ्या होत्या, डोक्यावर गवताचा भारा तसाच.

"एका डब्यात पाच मापं ज्वारी मावते," हेडमास्तर म्हणाले. "दुसऱ्यात तीन मापं. दोन्हींत मिळून किती?"

ती गप्प. ते थांबले. पुन्हा विचारलं. ती गप्पच. त्यांनी पेन्सिल उचलली आणि नावापुढं काही लिहायला वाकले. मी भिंतीकडं पाहू लागलो.

"शीग लावून का सपाट?"

हेडमास्तरांनी वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

"माप शीग लावून भरलंय का सपाट?"

"सपाट समज."

"मंग आठ."

"आणि शीग लावून?"

"आठच. पन ज्वारी जास्ती. किती जास्ती ते मापाचं तोंड बघून सांगावं लागंल."

हेडमास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली आणि मोठ्यांदा हसले. ते स्वतः शेतकऱ्याच्या घरचे. "मास्तर," ते मला म्हणाले, "हा प्रश्न मी पंधरा वर्षं विचारतोय. माझ्या प्रश्नात चूक आहे हे आज कळलं." मग त्यांनी तिला आणखी चार प्रश्न विचारले, केवळ ऐकायला. ती फडाफड बोलत होती. खिडकीतला भारा हलला आणि दिसेनासा झाला.

इतकं हलकं मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल. आजही वर्गात कुणी पोर गप्प बसलं की तो क्षण आठवतो, आणि आपण थोडक्यात वाचलो असं वाटतं. खरं तर वाचायची होती ती सुजाता, पण मला वाटतं ते हे असं.

निकाल सांगायला मी वस्तीवर गेलो. किसन अजून शेतातून यायचा होता. गयाबाईंनी ऐकलं, मान हलवली आणि विचारलं, "दुसरीची पुस्तकं कवा मिळतेत?" बस, एवढंच.

सुजाता दारात शेरडाला पाला घालत होती. तोवर मी तिच्या बापाशी बोललो होतो, आईशी बोललो होतो, पण ज्या पोरीला मारलं तिच्याशी बोलावं हे मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसलो.

"सुजाता, माझं चुकलं होतं गं."

तिनं पाला घालायचं थांबवून विचारलं, "कवा?"

असा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं. मी मूठ मिटून एकेक बोट उघडत सांगू लागलो. चिंचोक्यांच्या वेळी मारलं तेव्हा. दाराबाहेर उभं केलं तेव्हा. तुझ्या बाबांना तुझ्यासमोर तसं बोललो तेव्हा.

ती नीट ऐकत होती. मी तिसरं बोट उघडून थांबलो, तरी ती माझ्या हाताकडंच पाहत राहिली.

"आन् पाटी पुसली ती?"

"कोणती पाटी?"

"म्या आमची शेरडं काढल्ती. घरची समदी. कोणती गाभण, कोणती दूध देती, आसं येगळं येगळं. तुमी न बघताच पुसली."

मला काही केल्या ते आठवेना. अजूनही आठवत नाही. पाट्या मी दिवसभर पुसतच असे.

"मग तीही चूकच," मी म्हणालो.

तिनं माझं चौथं बोट धरून सरळ केलं आणि मोठ्यांदा म्हणाली, "चार." मग ती शेरडाकडं वळली.